उतारपेठ : पनवेल, गाढी नदी आणि थांबण्याची जागा

खांदा कॉलनीत राहणारी माणसे 'जरा पनवेलला जाऊन येते' असे म्हणतात. पत्त्यात नवीन पनवेल लिहितो, महापालिका पनवेलची, कराची पावती पनवेलची. तरी पूजेचे साहित्य, सुकी मिरची किंवा दागिन्याची दुरुस्ती म्हटली की आम्ही 'पनवेलला' निघतो. रिक्षा महामार्गाला लागते, गाढी नदीचा पूल ओलांडते आणि मग पनवेल येते. १९९६ साली आम्ही गिरगावातून इथे राहायला आलो. तेव्हापासून हा पूल मी हजारो वेळा ओलांडला असेन. त्यातल्या पहिल्या नऊ वर्षांत मी एकदाही खाली नदीकडे पाहिले नव्हते. मी शाळेत भूगोल शिकवत होते, हेही इथे कबूल करायला हवे.

पहिल्यांदा पाहिले ते २६ जुलै २००५ रोजी. मंगळवार होता. शाळा लवकर सोडली होती आणि मी गावातल्या वाचनालयात पुस्तके बदलायला थांबले होते. चार वाजता बाहेर पडले, तेव्हा रस्त्यावर पोटरीइतके पाणी होते. पुलापर्यंत जाता आले नाही. लांबून दिसला तो तपकिरी पाण्याचा एकच पट्टा. रिक्षा बंद, फोन बंद. अकरा वर्षांचा मुलगा घरी एकटा. बंदराच्या बाजूला एका सहशिक्षिकेचे सासर होते. खाली दुकान, वर राहण्याची जागा, मधे लाकडी जिना. तिथे काकूंनी मला आत ओढून घेतले. आम्ही जिन्यावर बसून पायऱ्या मोजत होतो. एक पायरी गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, तर मुलगा शेजाऱ्यांकडे पोहे खात होता. त्याला भीती कशी वाटली नाही, असे विचारल्यावर म्हणाला, "दूधवाले आजोबा आले होते ना. ते म्हणाले, पानी कुठं जानार? खाडी भरलीय. सुकती लागली का उतरंल." हे आजोबा मूळचे खांदा गावचे. आमची इमारत उभी आहे त्या जमिनीत त्यांनी भात लावला होता. पावसाचे पाणी आणि भरतीचे पाणी यांचा संबंध मी मुलांना नकाशावर शिकवत असे. घराच्या दारात तो मला त्यांनी शिकवला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत आणि निवृत्तीनंतर जास्तच, मी पनवेलबद्दल मिळेल ते वाचत आले : गॅझेटियरचे खंड, जुनी प्रवासवर्णने, रेल्वेचा इतिहास. या वाचनातून एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली, ती या लेखात मांडायची आहे. पनवेल हे गाव थांबण्यामुळे झाले. माणसाला, मालाला आणि पाण्यालाही इथे थांबावे लागे. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा या गावाचा इतिहास म्हणजे हे थांबणे एकेक करून कसे सुटत गेले, याचा इतिहास आहे.

नदी जिथे खाडी होते

मराठीत 'उतारपेठ' हा एक नेमका शब्द आहे. माल जिथे एका वाहनातून उतरवतात आणि दुसऱ्यावर चढवतात, ती पेठ. शेतमाल जिथे पिकतो तिथे आठवड्याचा बाजार भरतो. उतारपेठ मात्र वाट जिथे बदलते तिथेच उभी राहते.

गाढी नदी माथेरानच्या डोंगररांगेत उगम पावते. पायथ्याशी देहरंग येथे तिच्यावर धरण आहे. गाढेश्वर नावाने ओळखले जाणारे हे धरण पनवेल नगरपालिकेचे, पुढे महापालिकेचे. स्वतःचे धरण असलेल्या नगरपालिका थोड्याच. पुढे नेरे, विचुंबे, देवद अशी गावे घेत ती पनवेलला येते. दक्षिणेकडून काळुंद्रे नदी येते आणि दोघींचे पाणी पनवेलच्या खाडीत जाते. डोंगरापासून खाडीपर्यंतची ही वाट फार लांबीची नाही. म्हणूनच माथेरानवर पडलेला पाऊस काही तासांत पनवेलच्या पुलाखाली येतो.

समुद्राची भरती खाडीतून वर चढते आणि पनवेलपाशी तिचा जोर संपतो. गलबते आणि मचवे भरतीबरोबर इथवर येऊ शकत; त्यापुढे नदी उथळ आणि खडकाळ. दुसऱ्या बाजूने बोरघाट उतरून येणारी देशावरची वाट इथेच पाण्याला भिडे. पलीकडे मुंबई बेट. त्यामुळे मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याला पनवेलला होडीतून उतरणे भाग होते, आणि पुण्याहून येणाऱ्याला गाडी सोडून होडीत चढणे भाग होते. शिवाय होडी माणसाच्या सोयीने सुटत नाही, भरतीच्या वेळेने सुटते. पहाटे भरती असेल तर रात्रीचा मुक्काम आलाच. मुक्काम म्हटला की जेवण, बैलांना वैरण, चाकाची दुरुस्ती, हुंडी वटवणे, थोडी खरेदी. पेठ उभी राहते ती या मधल्या तासांतून.

हे माझ्या नीट ध्यानात आले ते पनवेलपासून फार दूर, इंग्लंडमध्ये. मुलगी बर्मिंगहॅमला राहते. एका रविवारी तिने आम्हाला तासाभराच्या अंतरावरचे ब्यूडली नावाचे गाव दाखवायला नेले. सेव्हर्न नदीच्या काठचे हे जुने बाजारगाव. नदीला समांतर जुनी व्यापाऱ्यांची घरे, थॉमस टेल्फर्डने १७९८ साली बांधलेला दगडी पूल, पुलाजवळ आइस्क्रीमच्या रांगा. मी माहितीफलक वाचत होते. वेल्सकडून आणि उत्तरेकडून घोड्यांच्या पाठीवरून माल इथे येई, नदीतल्या सपाट तळाच्या होड्यांवर चढे आणि खाली ब्रिस्टलच्या दिशेने जाई. प्रवाहाविरुद्ध या होड्या ओढायला माणसांच्या टोळ्या काठावरून दोर खांद्याला लावून चालत. घोड्यावरून होडीवर! मी मुलीला म्हटले, "अगं, ही तर उतारपेठ. आपले पनवेल." ती हसली. पण मला तुलना सोडवेना. एक फरक मात्र आहे : ब्यूडलीला भरती पोचत नाही. पनवेलच्या घड्याळात समुद्र होता.

मुंबई–पुणे, व्हाया पनवेल

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली निघाले तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यात होते. पुढच्याच वर्षी ते कुलाब्यात गेले. म्हणून जुने पनवेल शोधताना ठाण्याचे खंड उघडावे लागतात. त्यातून आणि प्रवासवर्णनांतून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले चित्र स्पष्ट उभे राहते.

१८०४ साली जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने बोरघाटाच्या माथ्यापासून पनवेलपर्यंत तोफा नेता येतील असा रस्ता करवून घेतला. दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह नुकताच झाला होता आणि मुंबईहून पुण्याकडे फौज व दारूगोळा नेण्याची इंग्रजांना निकड होती. १८०९ साली मराया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका मुंबईहून पुण्याला गेली ती होडीने पनवेल आणि पुढे पालखीने. १८२५ च्या जूनअखेर बिशप रेजिनाल्ड हेबर याच वाटेने गेले. गव्हर्नर असो, मिशनरी असो वा कापडाचा व्यापारी, पनवेलला प्रत्येकाला पाय जमिनीला लावावे लागत.

१० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला नवा गाडीरस्ता खुला केला. त्यापूर्वी घाटात मुख्यतः बैलांच्या पाठीवरून माल जाई. आता चाकाची गाडी थेट घाटमाथ्यावरून पनवेलच्या बंदरापर्यंत येऊ लागली. पनवेलचे सर्वात भरभराटीचे दिवस त्यानंतरचे. देशावरून धान्य, गूळ, कापूस खाली येई. वर जाई ते मीठ, नारळ, सुकी मासळी आणि मुंबईचा आयात माल.

या वाहतुकीतून गावात एक धंदा रुजला, तो मला फार बोलका वाटतो. इम्पीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीची चाके बनवण्याचा उल्लेख आहे. देशावरून आलेली जवळजवळ प्रत्येक गाडी परतताना इथून चाकांची जोडी घेऊन जाई. कारण सहज कळण्यासारखे आहे. घाट उतरताना चाकांची दुर्दशा होत असणार. कोकणच्या रानात टणक लाकूड मुबलक. आणि गाडी रिकामी होऊन उभी असताना चाक बदलायला यापेक्षा चांगली वेळ कोणती? तुंबा, आरे, पुठ्ठे जोडून त्यावर तापवलेली लोखंडी धाव चढवणारा कारागीर हा या थांब्याचा खरा वतनदार होता.

दुसरी खूण तलावांची. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळी, लेंडाळे, इस्रायल तलाव. एवढ्याशा गावात इतके तलाव कशाला, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. माझा तर्क असा : भरती पोचते तिथे नदीचे पाणी मचूळ होते. माणसांना विहिरी पुरतील, पण गाड्यांच्या तांड्याबरोबर येणाऱ्या बैलांना गोडे पाणी हवे, भरपूर हवे, आणि रस्त्याला लागून हवे. वडाळे तलावाच्या काठी पेशवेकालीन बल्लाळेश्वराचे देऊळ आहे. संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांना तलाव म्हणजे गावाची शोभा वाटते. एके काळी तो पेठेच्या रोजच्या गरजेचा भाग असावा.

इस्रायल तलावाचे नाव आले, म्हणून बेने इस्रायल समाजाबद्दल. कोकणात शतकानुशतके राहिलेला हा मराठीभाषक ज्यू समाज तेलाच्या घाण्यांमुळे आणि शनिवारी घाणे बंद ठेवण्यामुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जाई. पनवेलमधले बेथ एल हे त्यांचे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे. खेड्यापाड्यांतला समाज पेठेच्या गावी एकवटतो, तिथे त्याच्याकडे चार पैसे जमतात आणि मग प्रार्थनामंदिर उभे राहते, ही प्रक्रिया पनवेलमध्ये स्पष्ट दिसते. १९४८ नंतर यातली बहुतेक घरे इस्रायलला गेली. तिथे आजही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघते. पनवेलकर हे आडनाव लावणारी माणसे भूमध्य समुद्राच्या काठी आहेत आणि त्यांच्या नावातले पनवेल हे याच उतारपेठेचे पनवेल आहे.

तिसरी खूण नगरपालिकेची. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावांना आपली नगरपालिका स्थापण्याची सोय झाली आणि पनवेलची नगरपालिका २५ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झाली. ही देशातल्या आद्य नगरपालिकांपैकी एक, याचा गावाला सार्थ अभिमान आहे. पण इतक्या लवकर का? ज्या गावात रोज परकी माणसे, शेकडो बैल, मासळी आणि मीठ येते, तिथे रस्ते झाडणे, पाणी राखणे, दिवे लावणे या गोष्टी घराघरांवर सोडून भागत नाही. मला वाटते, नगरपालिका हीदेखील थांब्याचीच निर्मिती होती.

आठ महिन्यांचे अंतर

आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. पनवेलची नगरपालिका ऑगस्ट १८५२ ची. मुंबई–ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ची. गावाला आपल्या भरभराटीची पावती मिळाली आणि आठ महिन्यांत, खाडीच्या पलीकडे, ती भरभराट संपवणारी गोष्ट सुरू झाली.

रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोचली. तिथून पुण्याकडे जाताना तिने माथेरानच्या डोंगराची पूर्वेची बाजू धरली : नेरळ, कर्जत, आणि १८५६ मध्ये खोपोली. पनवेल राहिले डोंगराच्या पश्चिमेला. ज्या डोंगराने गाढी दिली, त्याच डोंगराने रेल्वे अडवली.

पुढची सात वर्षे मला फार शिकवणारी वाटतात. १८५८ मध्ये पुण्याकडून रेल्वे खंडाळ्यापर्यंत आली. खाली खोपोली, वर खंडाळा, मधे घाट. घाटातले काम चालू होते, म्हणून प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीने किंवा गाडीने घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसत. म्हणजे वाहन बदलण्याची जागा पनवेलहून उचलली गेली ती खोपोलीला येऊन टेकली. १८६३ मध्ये घाटाचा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि ती तिथूनही उठली. आता मुंबईत बसलेला माणूस पुण्यालाच उतरू लागला. थांबा एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे गेला आणि शेवटी नाहीसाच झाला.

ब्यूडलीची कथा अशीच आहे, फक्त तिथे रेल्वेच्या आधी कालव्याने घात केला. जेम्स ब्रिंडलीचा कालवा १७७२ साली सेव्हर्नला मिळाला तो ब्यूडलीच्या थोडे खाली. जिथे मिळाला तिथे पूर्वी नाव घेण्यासारखी वस्ती नव्हती. तिथे स्टोरपोर्ट हे नवे गाव उभे राहिले आणि माल तिकडे वळला. ब्यूडलीला रेल्वे आली ती १८६२ मध्ये, म्हणजे आपल्या बोरघाटाच्या आदल्या वर्षी. पण तोवर पेठ शांत झाली होती.

पनवेल मात्र एकदम विझले नाही. चाकांचा धंदा रेल्वेनंतरही कित्येक दशके टिकला, कारण रेल्वेस्थानकापासून दूरच्या गावांना बैलगाडी होतीच. तालुक्यातले भात इथे येई, सडले जाई आणि तांदूळ म्हणून मुंबईला जाई. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इथे धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. माथेरान–कर्नाळ्याच्या रानातल्या वनस्पती एका बाजूला आणि मुंबईचे गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला, अशी ही जागा होती. पेठेचे कसब अंगात मुरले की मूळ कारण गेल्यावरही गाव काही काळ चालत राहते. पण चालणे आणि वाढणे यांत फरक असतो. शंभरएक वर्षे पनवेल चालत राहिले.

पुन्हा थांबा, पुन्हा वळसा

मोटारीच्या काळात थांबा परत आला. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, त्याआधी मुंबईहून पुण्याला मोटारीने जायचे तर ठाणे, मुंब्रा, शीळफाटा करत पनवेललाच यावे लागे. पनवेलच्या पुढे पळस्प्याला रस्ता फुटतो : एक पुण्याकडे, एक गोव्याकडे. साठच्या दशकात दिव्याहून रेल्वेही आली. कोकणात जाणाऱ्या कित्येक पिढ्यांची पनवेलची आठवण म्हणजे एसटी स्थानक. रात्री दोन वाजता डोळे चोळत घेतलेला चहा. भरतीची जागा एसटीच्या वेळापत्रकाने घेतली होती, इतकेच.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराची आखणी झाली. खांदा गाव त्यातलेच. गावाशेजारच्या खांदेश्वराच्या देवळावरून पुढे रेल्वेस्थानकाला नाव मिळाले. शेतांना सेक्टरचे क्रमांक मिळाले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण ठार झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या संघर्षातून आली. माझ्यासारखे लोक स्वस्तात 'दोन खोल्या आणि गॅलरी' म्हणून इथे आले. त्या गॅलरीची किंमत कोणी दिली, हे आम्हाला विचारावेसे वाटले नाही.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, त्याच वर्षी हार्बरची लोकल पनवेलला पोचली. लगेचच द्रुतगती महामार्ग आला. तो कळंबोलीला सुरू होतो आणि जुन्या पनवेलला बगल देतो. म्हणजे १८६३ ची गोष्ट पुन्हा घडली. २०१६ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्या डिसेंबरअखेर विमाने उडू लागली. खाडीच्या तोंडाशी आता जगातली सर्वात मोठी उतारपेठ उभी राहते आहे, असे कोणी म्हणेल. पण विमानतळावर उतरलेला माणूस गावात थांबत नाही. त्याचे जेवण, खरेदी, झोप सगळे काचेच्या आत होते आणि तो वरच्या वर निघून जातो.

आणि आम्ही कॉलनीवाले? आम्ही गाढीच्या पलीकडे राहतो, लोकल पकडतो, वाणसामान घरपोच मागवतो. बैलगाडीवाला जितका पनवेलमध्ये थांबत असे तितकेही आम्ही थांबत नाही.

पाण्याचा मुक्काम

माणसांच्या थांब्याबद्दल हळहळण्यात फारसा अर्थ नाही. वाट बदलते, पेठ बदलते. ब्यूडलीने आता सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांची पेठ होऊन दाखवले आहे. पण एक प्रवासी असा आहे, ज्याला वळणरस्ता नाही. तो म्हणजे गाढीचे पाणी.

भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, की नदीच्या पाण्याला खाडीत शिरता येत नाही. ओहोटी लागेपर्यंत, म्हणजे सहा तासांच्या आसपास, त्याला कुठेतरी थांबावे लागते. पूर्वी ते खाजणात थांबे. खाडीकाठची ही सखल, खारी जमीन, तिवरांची रांग, खारबांध आणि बांधातली उघाडी. समुद्राचे पाणी आत येऊ नये आणि शेतातले बाहेर जावे, म्हणून भरतीला मिटणारी, ओहोटीला खुली होणारी ही झडप आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली. पाण्याचा मुक्काम कुठे, किती वेळ आणि तो उठणार कधी, हे सारे गावाला ठाऊक होते. आजोबांनी माझ्या मुलाला सांगितले ते हेच.

सिडकोच्या अभियंत्यांना हे माहीत नव्हते असे नाही. नवी मुंबईत अनेक ठिकाणी डच धर्तीवर धारण तलाव बांधले गेले. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी त्यात साठवायचे आणि ओहोटीला झडपांतून सोडायचे. कल्पना उघाडीचीच, आकार मोठा. पण तलाव गाळाने भरतो, झडप गंजते, आणि उघाडी राखणारा माणूस आता कोणाच्या पगारपत्रकावर नसतो. शिवाय भराव घालून जमीन उंच केली की तिथले पाणी नाहीसे होत नाही, शेजारच्या सखल जागी जाते. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली, उलवे नदी वळवली आणि खाडीकाठच्या मोठ्या प्रदेशावर भराव पडला. या भरावामुळे गाढीच्या पुराचे नेमके काय होईल, हा अभियंत्यांनी मोजायचा प्रश्न आहे. माझा आग्रह एवढाच की तो मोजून, नकाशावर मांडून, नदीकाठच्या प्रत्येक सोसायटीच्या नोटीसबोर्डावर लावला जावा.

सेव्हर्नच्या काठी मला या बाबतीत हेवा वाटला. ब्यूडलीला पूर अपेक्षित असला की नदीकाठच्या रस्त्यावर जोडता-काढता येणारी भिंत उभी करतात. पूर ओसरला की काढून ठेवतात. त्याच नदीवर खाली वूस्टर शहरात कॅथीड्रलजवळच्या दरवाजाच्या भिंतीवर सतराव्या शतकापासूनच्या पुरांच्या रेषा कोरलेल्या आहेत. प्रत्येक रेषेशेजारी साल. तिथून जाणारे शाळकरी पोर आपली उंची त्या रेषांशी लावून पाहत होते. नदी इथवर येऊ शकते हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही.

पनवेलमध्ये २६ जुलैची अशी एकही रेषा माझ्या पाहण्यात नाही. जुनी घरे पडून नवी उभी राहत आहेत, आणि ज्या भिंतींवर चिखलाचे पट्टे होते त्या भिंतीच गेल्या. मागच्या पावसाळ्यात मी त्या बंदराकडच्या घरी गेले होते. काकू आता नाहीत. सूनबाई म्हणाल्या, "पुनर्विकासाला दिलंय, दिवाळीनंतर खाली करायचं." जिना अजून तसाच होता. मी विचारले, त्या दिवशी पाणी कुठवर आले होते, आठवते का? त्यांनी पाहिल्याबरोबर बोट ठेवले. मी पर्समधून पेन्सिल काढून तिथे रेघ मारली आणि तारीख लिहिली. मग माझे मलाच हसू आले, कारण चार महिन्यांत तो जिना राहणार नव्हता.

म्हणून ती नोंद इथे करून ठेवते. पनवेल, बंदराकडची बाजू, २६ जुलै २००५, संध्याकाळ : रस्त्याच्या पातळीपासून तिसरी पायरी बुडाली आणि वर चार बोटे पाणी. उतरायला लागले ते पहाटेच्या आधी, सुकतीबरोबर.